सोबत कोण? स्वादुपिंडातल्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांवर तालुक्याच्या कॉलेजातून प्रोजेक्ट कसा करावा

पोळा झाला की शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचा विषय मागायला येतात. झूऑलॉजीत दरवर्षी तेच ते विषय फिरतात: तलावातले मासे, कपाशीवरची बोंडअळी, बोअरच्या पाण्याचा टीडीएस. यात वाईट काही नाही. बोंडअळीवरचा नीट केलेला प्रोजेक्ट कुठल्याही उसन्या जनुकशास्त्रापेक्षा बरा. पण एखादीला खरोखरच जनुकांवर काम करायचं असतं आणि तिला सांगितलं जातं, त्यासाठी नागपूर-पुण्याची लॅब लागते. हे अर्धंच खरं आहे. जनुक चालू-बंद कसं होतं याची बरीचशी माहिती जगभरच्या प्रयोगशाळांनी मोफत डेटाबेसांत टाकून ठेवली आहे. ती वाचायला स्मार्टफोन, चौकटीची वही आणि सकाळची रेंज पुरते.

हा लेख अशाच एका प्रोजेक्टचा रस्ता आहे. अमरावती, नागपूर, गोंडवाना, कुठल्याही विद्यापीठाच्या बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तो झेपतो. विषय असा: स्वादुपिंडाच्या पेशींत ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर एकमेकांच्या सोबतीने जनुकं कशी चालवतात.

आधी एवढं डोक्यात बसू द्या

स्वादुपिंडात दोन वेगळ्या घरच्या पेशी एका छपराखाली राहतात. बहुतेक भाग ॲसिनार पेशींचा; त्या अमायलेज, कायमोट्रिप्सिन अशी पाचक विकरं बनवतात. त्यांच्यामध्ये विखुरलेली लँगरहॅन्सची बेटं वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. पॉल लँगरहॅन्स यांनी ती १८६९ साली बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना, आपल्या प्रबंधात पहिल्यांदा वर्णन केली. बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन, डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन.

या सगळ्या पेशींत डीएनए तोच आहे. ॲसिनार पेशीतही इन्सुलिनचं जनुक अक्षरन् अक्षर शाबूत असतं, फक्त मुकं असतं. कोणतं जनुक बोलेल हे बऱ्याच अंशी ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर ठरवतात. ही प्रथिनं डीएनएवरची ठरावीक आखूड अक्षरमाळ ओळखून तिथे बसतात. माणसात अशी सुमारे १६०० प्रथिनं आहेत.

इथे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे: "सर, पीडीएक्स१ तं दोन्ही पेशीत दाखवते. मंग इन्सुलिन एकीतच काहून बनते?"

पीडीएक्स१ हा स्वादुपिंडाचा सगळ्यांत गाजलेला फॅक्टर. तो नसलेल्या उंदरात स्वादुपिंड तयारच होत नाही, हे १९९४ मध्ये दिसलं. माणसात दोन्ही प्रती बिघडल्या तर बाळ स्वादुपिंडाशिवाय जन्मतं, हे १९९७ मध्ये. प्रौढ वयात तो बीटा पेशींत भरपूर असतो आणि ॲसिनार पेशींत कमी प्रमाणात. बीटा पेशीत तो न्यूरोडी१, ई४७ आणि एमएएफए यांच्या सोबतीने इन्सुलिनच्या प्रमोटरवर (जनुकाच्या सुरुवातीआधीच्या नियंत्रक पट्ट्यावर) बसतो. ॲसिनार पेशीत मात्र तो पीबीएक्स१बी आणि एमईआयएस२ या दोघांशी त्रिकूट करून इलास्टेज-१ या पाचक विकराच्या एन्हान्सरवर (जनुकाला जोर देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) बसतो. हे उंदीरवर्गीय जनुकावर १९९८ साली दाखवलं गेलं. फॅक्टर तोच, सोबती वेगळे, म्हणून उघडणारं जनुक वेगळं.

बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. सचिव ताई दुसऱ्या एखाद्या समितीवरही असतील तर तिथे त्यांची सही वेगळ्या बाईसोबत चालते आणि वेगळं खातं उघडते. एकट्या सहीवर कुठेच पैसे निघत नाहीत. पीडीएक्स१ चं साधारण असंच आहे.

म्हणून या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक फॅक्टरबद्दल "तो काय करतो?" हे विचारण्याआधी "सोबत कोण, कोणत्या अक्षरांवर, किती अंतरावर, कोणत्या पेशीत?" हे विचारायचं. चारही उत्तरं हातात नसतील तर प्रोजेक्ट अजून सुरूच झालेला नाही.

पायरी १: विषय नव्हे, प्रश्न लिहा

"स्वादुपिंडातील जनुक नियंत्रण" असा मथळा टाकलात की तुम्ही अडकलात. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. मी दोन सुचवतो.

पहिला: इन्सुलिन जनुकाच्या सुरुवातीआधीच्या ४०० अक्षरांत बीटा पेशीच्या फॅक्टरांच्या जागा कुठे आहेत, आणि त्या माणूस, उंदीर व घूस-उंदीर यांत टिकून आहेत का? घूस-उंदीर म्हणजे लॅबमधला रॅट.

दुसरा थोडा अवघड: एखाद्या पाचक विकराच्या जनुकाजवळ पीटीएफ१ या तिहेरी संचाची (ॲसिनार पेशीतल्या तीन फॅक्टरांच्या गटाची) जागा सापडते का? इथे एक सापळा आहे. जुने प्रयोग बरेचसे इलास्टेज-१ वर झाले आहेत, पण ते उंदीरवर्गीयांच्या जनुकावर. माणसाच्या स्वादुपिंडात इलास्टेज-१ चं जनुक मुकं आहे, कारण त्याच्या नियंत्रक जागाच उत्क्रांतीत बिघडल्या. तेव्हा मानवी जनुक घ्यायचं तर कायमोट्रिप्सिनचं सीटीआरबी१ किंवा कार्बॉक्सिपेप्टिडेजचं सीपीए१ घ्या. एम.एस्सी.वाल्यांनी मात्र इलास्टेज-१ मुद्दाम घ्यावं: रॅटमध्ये आहे आणि माणसात मोडलेली आहे अशी जागा शोधणं हाच एक सुरेख प्रोजेक्ट आहे.

खाली मुख्यतः पहिल्या प्रश्नावर चालू.

पायरी २: पेशीत कोण हजर आहे ते पाहा

ह्यूमन प्रोटीन ॲटलस हा स्वीडनचा प्रकल्प, २००३ पासून चालू आहे. त्याच्या साइटवर जनुकाचं नाव रोमन अक्षरांत टाका आणि एकल-पेशी (सिंगल सेल, म्हणजे पेशीनिहाय आरएनए मोजणाऱ्या) विभागात स्वादुपिंड निवडा. पीडीएक्स१, न्यूरोडी१, एमएएफए, पीटीएफ१ए, आरबीपीजेएल, टीसीएफ३ आणि आयएनएस (इन्सुलिनचं जनुक) ही नावं एकेक करून पाहा. ई४७ हे प्रथिन टीसीएफ३ या जनुकातून येतं. ई४७ नावाने शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. वहीत तक्ता करा: आडवे रकाने बीटा, अल्फा, ॲसिनार, डक्ट, उभ्या ओळीत फॅक्टर.

तक्ता भरताना तीन गोष्टी गोंधळात टाकतील.

टीसीएफ३ सगळीकडेच दिसेल. "मग हा बीटा पेशीचा नाही" म्हणून त्याला खोडू नका. न्यूरोडी१ आणि पीटीएफ१ए हे ज्या घराण्यातले आहेत त्यातली प्रथिनं एकेकटी डीएनए पकडत नाहीत, जोडीनेच पकडतात. आणि त्या जोडीतला दुसरा हा सर्वत्र आढळणारा ई४७ किंवा त्याचा भाऊबंद असतो. सर्वत्र असणारा जोडीदार म्हणजे बिनमहत्त्वाचा जोडीदार नव्हे.

दुसरं, फॅक्टरांचे आकडे इन्सुलिनच्या तुलनेत फारच लहान दिसतील. एकल-पेशी मापनात कमी प्रमाणातले आरएनए निसटतात. शून्य दिसलं तर "आढळलं नाही" असं लिहा, "नाही" असं लिहू नका.

तिसरं, इन्सुलिनचा थोडा आरएनए बीटा नसलेल्या पेशींतही दिसू शकतो. पेशी सुट्या करताना फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रावणात तरंगतो आणि शेजारच्यांच्या खात्यात मोजला जातो. ॲसिनार पेशींच्या विकरांचंही तसंच.

पायरी ३: अक्षरं उतरवून घ्या

युकॅरियोटिक प्रमोटर डेटाबेसवर आयएनएस शोधून सुरुवातीच्या बिंदूआधीची ४०० अक्षरं मागा. नाहीतर यूसीएससी जीनोम ब्राउझरवर जनुकाच्या पानावरून जीनोमिक सीक्वेन्सचा दुवा घ्या आणि वरच्या दिशेची ४०० अक्षरं निवडा. यूसीएससीचं पान फोनवर जड जातं. ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट चालू करा आणि हे काम पहाटे किंवा सकाळी उरकून फाइल सेव्ह करून ठेवा. दुपारी वीज गेली की टॉवरचाही भरवसा नसतो.

तीन ठिकाणी पाय घसरतो. इन्सुलिनचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे आणि उलट्या धाग्यावर वाचलं जातं. जनुकाच्या पानावरून अक्षरं घेतली तर दिशा आपोआप बरोबर येते. नकाशावरचा तुकडा थेट उचललात तर उलट-पूरक (रिव्हर्स कॉम्प्लिमेंट) करण्याचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. पडताळा सोपा आहे: योग्य दिशेच्या तुकड्यात शेवटाकडे, सुरुवातीच्या बिंदूच्या साधारण ३० अक्षरं आधी, टी-ए-टी-ए-ए-ए दिसलं पाहिजे. शोधयादीत आयएनएस-आयजीएफ२ असं जोडनाव दिसेल. ते सोडा, साधं आयएनएस घ्या. आणि उंदीर व रॅट यांच्यात इन्सुलिनची दोन जनुकं असतात. मानवी जनुकाशी तुलनेला आयएनएस२ घ्यायचं. आयएनएस१ ही आरएनएवरून परत डीएनएत शिरलेली नक्कल आहे.

पायरी ४: आधी हाताने शोधा

सॉफ्टवेअर नंतर. ही ४०० अक्षरं चौकटीच्या वहीत उतरवा, एका चौकटीत एक अक्षर, आणि उजवीकडून डावीकडे अंतर मोजत जा. पोरं कुरकुरतात. पण ज्याने एकदा उतरवलं त्याला प्रमोटर पाठ होतो, आणि तोंडी परीक्षेत ते लगेच कळतं.

शोधायच्या जागा अशा. पीडीएक्स१ घराण्याचा गाभा टी-ए-ए-टी. उलट धाग्यावर तोच ए-टी-टी-ए दिसेल. मानवी प्रमोटरमध्ये एक टी-ए-ए-टी सुरुवातीच्या बिंदूआधी साधारण ८० अक्षरांवर आहे, तिला ए१ पेटी म्हणतात. दुसरी दोनशेच्या थोडी पलीकडे, ती ए३. न्यूरोडी१ आणि ई४७ यांच्या जोडीची जागा म्हणजे ई पेटी: सी-ए, मग कोणतीही दोन अक्षरं, मग टी-जी. इन्सुलिनमध्ये ती सी-ए-टी-सी-टी-जी अशी, साधारण ११० अक्षरांवर. तिचं नाव ई१. ई१ ला अगदी खेटून, तिच्या थोडं मागे, टी-जी-सी-ए-जी-सी-सी-टी-सी-ए-जी-सी अशी ओळ आहे. ती सी१ पेटी, तिथे एमएएफए बसतो.

या पेट्या रंगीत पेनाने चौकटीत घ्या. पन्नासेक अक्षरांच्या पट्ट्यात ए१, ई१, सी१ दाटीवाटीने बसलेल्या दिसतील. त्यांच्यावरचे फॅक्टर एकत्र आले की इन्सुलिनचं जनुक वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त चालतं. पेशीसंवर्धनातल्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हे फॅक्टर पी३०० सारख्या सहप्रथिनांना मिळून खेचून आणतात, आणि ही सहप्रथिनं हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) रासायनिक खुणा करून डीएनए सैल करतात.

मग जास्पर हा फॅक्टरांच्या अक्षर-नमुन्यांचा डेटाबेस उघडा, फॅक्टरचा नमुना निवडा आणि स्कॅनमध्ये तुमची ४०० अक्षरं चिकटवा. उंबरठा (नमुन्याशी किमान किती जुळायला हवं तो आकडा) आधीपासून ८० टक्के ठेवलेला असतो. त्यावर ढीगभर जागा येतील. ९० वर न्या, कमी होतील. कोणत्या उंबरठ्यावर किती जागा आल्या ते दोन्ही लिहून ठेवा.

पायरी ५: योगायोगाचा हिशोब

या पायरीवर वेळ घालवा. माझ्या मते प्रोजेक्टचा जीव इथे आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

ई पेटीत सहा अक्षरं आहेत, पण पक्की चारच. प्रत्येक जागी चार अक्षरांपैकी कोणतंही येऊ शकतं असं धरलं तर चार पक्की अक्षरं निव्वळ योगायोगाने दर ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६ अक्षरांमागे एकदा जुळतील. ई पेटी उलट धाग्यावर वाचली तरी ई पेटीच राहते, त्यामुळे दुप्पट करायचं नाही. म्हणजे तुमच्या ४०० अक्षरांत एक-दोन ई पेट्या काहीही अर्थ नसताना सापडणार. टी-ए-ए-टी तर उलट धाग्यावर वेगळं दिसतं, म्हणून दर १२८ अक्षरांमागे एकदा. ४०० मध्ये तीन.

आता माणसाचा पूर्ण जीनोम (सगळा डीएनए) घ्या, सुमारे ३१० कोटी अक्षरं. २५६ ने भागा. सव्वा कोटीच्या आसपास ई पेट्या येतात. न्यूरोडी१ आणि ई४७ एवढ्या ठिकाणी बसले असते तर पेशी चाललीच नसती.

जोडीचं खरं महत्त्व या आकड्यांतून उलगडतं. ॲसिनार पेशीचा पीटीएफ१ संच तिघांचा असतो: पीटीएफ१ए, ई४७ किंवा त्याचा भाऊबंद, आणि तिसरा आरबीपीजे किंवा आरबीपीजेएल. पहिले दोघे मिळून ई पेटी पकडतात. तिसरा टी-टी-टी-सी-सी-सी-ए ही सात अक्षरांची टीसी पेटी पकडतो. शिवाय या दोन पेट्यांमधलं अंतर डीएनएच्या सर्पिलाच्या एका किंवा दोन वेढ्यांएवढंच हवं. एक वेढा साधारण साडेदहा अक्षरांचा. अंतर असं असलं की दोन्ही पेट्या सर्पिलाच्या एकाच बाजूला येतात आणि तिघांना एकमेकांना धरून बसता येतं. अंतर अर्ध्या वेढ्याने चुकलं की पेट्या विरुद्ध बाजूंना जातात.

हिशोब करा. चार आणि सात, मिळून अकरा पक्की अक्षरं. ४ चा अकरावा घात ४१,९४,३०४. एका ठरावीक अंतरासाठी ३१० कोटींत योगायोगाने सुमारे ७४० जागा. दोन्ही धागे धरून दीड हजाराच्या आत. एक-दोन अंतरं अधिक चालतात असं धरलं तरी काही हजार. सव्वा कोटीवरून काही हजारांवर! तिसरा सोबती आला आणि नेमकेपणा हजारो पटींनी वाढला.

हा हिशोब ढोबळ आहे. खऱ्या जीनोममध्ये चारही अक्षरं समप्रमाणात नसतात आणि फॅक्टर थोडीफार चूक चालवून घेतात. अहवालात ही मर्यादा लिहा. पण हिशोब लिहाच. "जास्परने जागा दाखवली" एवढ्यावर थांबलेला अहवाल आणि "योगायोगाने दोन अपेक्षित होत्या, सापडल्या तीन, म्हणून निव्वळ सापडण्यावरून काही ठरत नाही" असं म्हणणारा अहवाल, यांत तपासणाऱ्याला फरक कळतो.

पायरी ६: तीन प्राण्यांची अक्षरं शेजारी ठेवा

योगायोगाची जागा उत्क्रांतीत टिकत नाही, कामाची टिकते. माणूस, उंदीर आणि रॅट यांच्या ४०० अक्षरांच्या फाइली युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या साइटवर क्लस्टल ओमेगात टाका. तिघांत जुळलेल्या स्तंभाखाली तारका येईल. तुमच्या रंगवलेल्या पेट्यांखाली तारकांची रांग आहे का आणि बाकीच्या ई पेट्यांखाली ती तुटते का, ते पाहा. काही पेट्या माणसात वेगळ्या निघतील. घाबरू नका, इन्सुलिनच्या प्रमोटरमध्ये प्रजातींनुसार खरेच फरक आहेत. फरक दिसला तर तो निष्कर्षात घ्या, झाकू नका.

पायरी ७: खरंच कुणी बसतं का?

अक्षरं जुळणं म्हणजे बसण्याची शक्यता. बसल्याचा पुरावा चिप-सीक् या तंत्रातून येतो: पेशीत फॅक्टर डीएनएवर जिथे चिकटलेला असतो तो तुकडा प्रतिपिंडाने ओढून काढून वाचतात. आयलेट रेग्युलोम ब्राउझरवर मानवी बेटांमधले पीडीएक्स१, एनकेएक्स२.२, एनकेएक्स६.१, फॉक्सए२ आणि एमएएफबी या पाच फॅक्टरांचे नकाशे आहेत, २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासातून आलेले. त्या अभ्यासाचा गाभा आपल्या विषयालाच धरून आहे: अनेक फॅक्टर एकत्र बसतात अशा एन्हान्सरांचे पुंजके बेटांच्या खास जनुकांजवळ गर्दी करतात, आणि टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढवणारे काही बदलही तिथेच सापडतात. आणखी माहिती हवी तर चिप-ॲटलस या जपानी साइटवर स्वादुपिंडाचा वर्ग निवडा.

तीन मर्यादा अहवालात एकेका वाक्यात लिहा. दोन फॅक्टरांची शिखरं एकाच जागी दिसली तरी ते एकाच वेळी बसले होते असं सिद्ध होत नाही; नकाशा लाखो पेशींची सरासरी असतो आणि काहींत एक, काहींत दुसरा बसलेला असू शकतो. डीएनए न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनच्या गुंडीवर) गुंडाळलेला असेल तर चांगली पेटीही झाकलेली राहते. फॉक्सए२ सारखे फॅक्टर अशा बंद जागेत आधी शिरून वाट मोकळी करतात. आणि बसणं म्हणजे जनुक चालू होणं नव्हे.

पायरी ८: सोबत्यांचं जाळं, सावधपणे

स्ट्रिंग या प्रथिनांच्या संबंधांच्या डेटाबेसवर पीडीएक्स१ टाकलंत की रंगीबेरंगी जाळं येतं आणि पोरांना वाटतं प्रोजेक्ट झाला. थांबा. त्यातल्या बऱ्याच रेषा एवढंच सांगतात की ही दोन नावं शोधनिबंधांत एकत्र येतात. सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्टमायनिंग बंद करा, फक्त प्रयोगांवर आधारित पुरावा चालू ठेवा, खात्रीचा उंबरठा ०.७ करा. जाळं एकदम बारीक होईल. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं अहवालात लावा.

पायरी ९: जोडी तुटली की काय होतं

अहवाल इथे माणसांपर्यंत पोचतो. क्लिनव्हार आणि ओमिम या, जनुकबदल व आजारांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटांवर फॅक्टरांची नावं टाकून आजार पाहा. निवडक गोष्टी सांगतो.

पीटीएफ१ए बिघडला तर बाळात स्वादुपिंड आणि लहान मेंदू दोन्ही तयार होत नाहीत, हे २००४ मध्ये कळलं. २०१४ मध्ये त्याहून बोलकी गोष्ट सापडली: काही कुटुंबांत पीटीएफ१ए चं जनुक ठणठणीत होतं, पण त्यापासून सुमारे २५ हजार अक्षरं दूरच्या एन्हान्सरमध्ये बदल होता, आणि त्या बाळांत फक्त स्वादुपिंड नव्हतं. एक जागा मोडली आणि नेमका एकाच अवयवातला कारभार थांबला. इन्सुलिनच्या बाबतीतही, प्रथिनाचं एकही अक्षर न बदलता केवळ प्रमोटरमधल्या बदलांमुळे नवजात बाळांना मधुमेह झाल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं.

उलट बाजूचा पुरावा २००८ चा. जिवंत प्रौढ उंदराच्या ॲसिनार पेशींत एनजीएन३, पीडीएक्स१ आणि एमएएफए हे तीन फॅक्टर घातले आणि त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या, बीटासारख्या झाल्या. तिघे मिळून पेशीचं घरच बदललं. चांगल्या परीक्षकाला या एका प्रयोगावर पंधरा मिनिटं बोलायला आवडेल; तयारी ठेवा.

या पायरीवर घरचा विषय निघतोच. आपल्याकडे शुगर नाही असं घर गावात सापडणं अवघड झालंय, आणि पोरं विचारतात, बाबांची शुगर याच जनुकांमुळे का? सरळ सांगा: एकाच फॅक्टरच्या बिघाडाने होणारा मोडी (एमओडीवाय) प्रकारचा मधुमेह आहे, पण तो थोड्याच रुग्णांत असतो. त्यातल्या एचएनएफ१ए प्रकाराला सल्फोनिलयुरियाच्या लहान मात्रेचा चांगला गुण येतो, म्हणून निदानाला महत्त्व आहे. पण ते निदान डॉक्टर आणि जनुकीय तपासणी करते, आपला प्रोजेक्ट नाही. बहुतेकांचा टाइप-२ मधुमेह अनेक जनुकं, वजन, वय, खाणं, हालचाल यांचा मिळून असतो. त्यात मोठा वाटा दाखवणारा सर्वसाधारण बदल टीसीएफ७एल२ या जनुकात २००६ मध्ये सापडला, आणि तेही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचंच जनुक निघालं. दीर्घकाळच्या टाइप-२ मधुमेहात बीटा पेशींतले एमएएफए, एनकेएक्स६.१, पीडीएक्स१ कमी झालेले दिसतात. या वाचनावरून कुणाची गोळी बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पायरी १०: लिहिणं आणि तोंडी

अहवालाचा कणा एक तक्ता आहे: पेटीचं नाव, अक्षरं, सुरुवातीपासूनचं अंतर, कोणता फॅक्टर, त्याचा सोबती, शेजारच्या पेटीपासूनचं अंतर वेढ्यांत, तीन प्राण्यांत टिकली का, चिप-सीक् पुरावा आहे का. उदाहरणार्थ, ई१ आणि ए१ यांच्या सुरुवातींमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस अक्षरं भरतात, म्हणजे साधारण अडीच वेढे. त्यावरून लगेच कथा रचू नका. पीटीएफ१ सारखी कडक अंतराची अट सगळ्याच जोड्यांना नसते.

क्रियापदं जपून वापरा. फक्त अक्षरं जुळली असतील तर "संभाव्य जागा आढळली". चिप-सीक् असेल तर "बसल्याचं नोंदलं गेलं आहे". पेटी मोडून जनुक मंदावल्याचा प्रयोग कुणी केला असेल तरच "नियंत्रित करतो". गूगलवरचे उतारे चिकटवणारे इथेच पकडले जातात, कारण ते सगळीकडे "नियंत्रित करतो" लिहितात.

तोंडीसाठी तीन प्रश्न पक्के करा. जोडी जमते पण जनुक चालत नाही असं होतं का? होतं: आयडी नावाची प्रथिनं ई४७ शी जोडी करतात, पण त्यांच्याकडे डीएनए धरणारा भागच नसतो, त्यामुळे ई४७ अडकून पडतो. सोबती बदलण्याचं उदाहरण? पीटीएफ१ संच: गर्भात आरबीपीजे सोबत असतो, तो संचच आरबीपीजेएलचं जनुक चालू करतो आणि मग आरबीपीजेएल त्याची जागा घेतो. आरबीपीजे तर नॉच या, पेशी-पेशींतल्या संदेशमार्गातला ना? हो, पण पीटीएफ१ मध्ये तो नॉचशिवाय काम करतो.

वेळेचं म्हणाल तर पायऱ्या २ ते ४ वेचणी सुरू व्हायच्या आत उरका. दिवाळीनंतर अर्धा वर्ग वावरात असतो आणि ते चूक नाही. पायऱ्या ५ आणि १० संध्याकाळी घरी वही घेऊन होतात, त्यांना नेट फारसं लागत नाही. प्रत्येक डेटाबेस कोणत्या तारखेला पाहिला ते लिहा, कारण आकडे अद्ययावत होत राहतात.

छापायला झेरॉक्सच्या दुकानात जाल तेव्हा एकच आग्रह धरा. क्लस्टलचं पान कुरियर न्यू किंवा सगळी अक्षरं समान रुंदीची असणाऱ्या फाँटमध्येच छापायला सांगा, आणि फाइल पीडीएफ करूनच न्या. दुकानदाराने फाँट बदलला की तारका सरकतात आणि सी१ खालची रांग भलत्याच अक्षरांखाली जाऊन बसते.